नाना कोथिंबिरे विरुद्ध तुर्कस्तान

नाना कोथिंबिऱ्यांच्या घरात जाणं सोपं आहे, बाहेर पडणं अवघड. चहा होतो, गप्पा होतात, तुम्ही उठता, चपला पायात सरकवता आणि नाना म्हणतात, "थांबा जरा." मग तुम्ही उंबऱ्यात उभे आणि नाना खुर्चीतून तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघतायत, असं थोडा वेळ चालतं. नजर खिशांवरून फिरते, पिशवीवरून फिरते, तोंडावर येऊन थांबते. मग मान हलते. "हां. या आता."

नव्या माणसाला वाटतं, आपण घरातलं काहीतरी उचललं असा यांना संशय आहे. तसा तो असतोच. पण तेवढाच नसतो.

नानांची सगळी नोकरी श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी आत येताना भरलेली तोलायची, ऊस उतरवून परत जाताना रिकामी तोलायची, दोन्हींत जो फरक तो ऊस. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात किती चोऱ्या बसतात ते नानांनी बघितलेलं. मोळ्यांच्या पोटात दगड, पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याला, पाणी. एकदा तर क्लीनरच मोळ्यांखाली झोपलेला निघाला. भरल्या गाडीत तोलला गेला, रिकामं तोलायच्या आधी उतरून बिडी ओढत बसला. दुसऱ्या बाजूनं, शेतकऱ्यांना वाटायचं की नाना काटा मारतो, आणि कारखान्याला वाटायचं की नाना शेतकऱ्यांना सामील आहे. दोन्हीकडून संशय झेलत आणि दोन्हीकडं संशयानं बघत हा माणूस म्हातारा झाला. निवृत्तीनंतर काटा कारखान्यात राहिला, पण डोळे नानांबरोबर घरी आले.

"येताना सगळेच भरल्यागत दिसत्यात, सर," ते मला म्हणाले होते. "जाताना बघावं. आपल्यापाशी काय ठिवून गेला ते तवाच कळतं."

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. इथल्या हायस्कूलात भूगोल शिकवतो, आणि वर्गाबाहेर फारसा बोलत नाही. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात. तो गैरसमज मी आजवर मोडला नाही, कारण तो सोयीचा होता. या खेपेला मात्र एक गोष्ट सांगून टाकायची आहे. ती नानांच्या गोष्टीतच येते, म्हणून आधी नाना.

साखर कारखान्यात जन्म काढलेला हा माणूस चहात साखर घेत नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "व्हताना बघितलीय." याहून जास्त काही सांगत नाहीत, त्यामुळं ऐकणाऱ्याचाही चहा कडू होतो. याचा एक फायदा मात्र झाला. सत्तरी उलटली तरी नानांच्या तोंडात सगळे दात शाबूत आहेत. ऊस अजून दातानं सोलतात. दाताच्या डॉक्टरकडं ते जन्मात गेले नव्हते, आणि न गेलेल्या ठिकाणाबद्दल असावा तेवढा सगळा संशय त्यांच्याकडं तयार होता. डॉक्टर तुम्हाला तोंड उघडायला लावतो आणि मग प्रश्न विचारतो, हीच त्यांना पहिली लबाडी वाटायची. ज्याला उलट बोलता येत नाही अशा गिऱ्हाईकाशी व्यवहार करणारा दुसरा धंदा नाही, असं त्यांचं मत.

असा हा माणूस सहा-सात महिने दाताच्या दवाखान्यांभोवती घिरट्या घालत होता, याचं कारण मनीषा.

मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. माझी विद्यार्थिनी. नकाशात नद्या न चुकता भरायची. लग्न होऊन इंग्लंडला गेली, तिकडंच नोकरी लागली, दोन मुलं झाली. नानांची बायको, आमच्या काकू, गेल्या तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नाही. ती आली तेव्हा दहावाही होऊन गेला होता. आठवडाभर राहिली, आईच्या साड्या नीट घड्या घालून ठेवल्या आणि परत गेली. त्यानंतर येणं झालेलं नाही. दर रविवारी फोन येतो. नाना फोन कानापासून लांब धरून मोठ्यानं बोलतात, त्यामुळं भिंतीपलीकडं आम्हालाही सगळं कळतं. "जेवलो. व्हय. बरा हाय. ठिव."

तर एका रविवारी मनीषानं सांगितलं की तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा काढाव्या लागल्या, आणि आता तिथं स्क्रूचे दात बसवायचे आहेत. तिकडं सरकारी दवाखान्यात नंबर लागत नाही आणि खाजगीत खर्च ऐकूनच उरलेले दात दुखायला लागतात. तिच्या ऑफिसातली माणसं त्यासाठी तुर्कस्तानला जातात. विमानतळावर घ्यायला गाडी येते, राहायला हॉटेल, पाच दिवसांत दात बसवून घरी. तीही विचार करत होती. दुसरा पर्याय म्हणजे इकडं यायचं. इकडं विमानाचं तिकीट धरूनही तिकडच्यापेक्षा स्वस्त पडेल. "तुम्ही जरा चौकशी करून ठेवता का, नाना? नगरला कुणी चांगला डॉक्टर आहे का?"

त्या दिवशी नानांनी "ठिव" म्हटलं नाही. फोन तिनंच ठेवला.

संध्याकाळी नाना माझ्याकडं आले. बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुर्कस्तान कुठं आलं?"

मी नकाशा काढला, दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं, मग इंग्लंडवर बोट ठेवलं, मग आपल्यावर. आपल्याकडचं बोट बरंच लांब गेलं. ते त्यांना आवडलं नाही.

"जवळ हाय की त्यांना," म्हणाले.

"विमानानं चार तास."

"आन हितं यायला?"

मी सांगितलं. नाना नकाशाकडं अशा नजरेनं बघत राहिले, जणू तो मी मुद्दाम तसा काढलाय.

त्या दिवसापासून नानांनी तुर्कस्तानशी दावा मांडला. हॉटेलसकट दात म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असा होता की मग तो माणूस दातवाला आहे की हॉटेलवाला. घ्यायला गाडी पाठवतो म्हणजे गिऱ्हाईक वाटेत पळून जात असणार. पाच दिवसांत दात बसतो, तर सहाव्या दिवशी काय होतं ते कुणी सांगत का नाही? तुर्की लोकांचे स्वतःचे दात कसे असतात हे त्यांना मोबाईलवर बघायचं होतं. मी दाखवले, चांगले होते, तर म्हणाले की फोटो काढायला चांगलेच दातवाले उभे करणार. पुढच्या रविवारी हे सगळं त्यांनी मनीषाला ऐकवलं. ती हसली. म्हणाली, "बरं, मग तुम्ही इकडचं बघा. महिना-दोन महिन्यांत ठरवते."

म्हणजे दोन महिन्यांत नानांना एक डॉक्टर पसंत करायचा होता. नाही केला, तर मुलगी तुर्कस्तानला जाणार. आणि नानांना आजवर एकही माणूस पसंत पडलेला नव्हता.

त्यांनी काम आपल्या पद्धतीनं सुरू केलं. सकाळच्या एस.टी.नं नगरला जायचं, दवाखान्यासमोरची चहाची टपरी धरायची आणि आत जाणारे-येणारे पेशंट तोलायचे. आत जाताना तोंड कसं होतं, बाहेर येताना कसं आहे. गाल धरून आला आणि गाल धरूनच गेला, डॉक्टर बाद. हसत आला आणि रडत गेला, बाद. रडत आला आणि हसत गेला, तर हा पेशंट डॉक्टरचा पाव्हणा नाही ना, म्हणून त्याच्या मागं बसस्टँडपर्यंत जायचं. बायकांनी तोंडाला पदर लावलेला असला की नानांची पंचाईत व्हायची.

थोड्याच दिवसांत नगरच्या दाताच्या डॉक्टरांत कुजबुज सुरू झाली. बिनसाखरेचा चहा पिणारा एक म्हातारा समोर बसून दवाखाना मोजतोय. एका डॉक्टरांना वाटलं हा इन्कम टॅक्सचा माणूस. त्यांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला. दुसऱ्यांना वाटलं मुलीसाठी स्थळ बघतोय. त्यांनी आत बोलावून आपल्या मुलाचा पगार सांगितला. नानांनी तोही ऐकून घेतला आणि निघताना डॉक्टरांनाच उंबऱ्यात उभं करून बघितलं.

मला स्वतःला वेगळाच संशय होता. आमच्याकडं पेशंट नेऊन दिला की नेणाऱ्याला डॉक्टरकडून काही मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. इतके खेटे हा माणूस फुकट कशाला घालील, असं माझ्या मनात आलं. नानांबद्दल. हे मी बायकोजवळही बोललो नाही, पण विचार केला, आणि चांगला आठवडाभर केला.

मग नाना एके दिवशी म्हणाले की बाहेरून किती बघणार, आता आत जायला पाहिजे. पण त्यांचे सगळे दात चांगले. चांगल्या तोंडाला डॉक्टर काय खोटं बोलणार? खोटं पकडायचं तर तोंड खराब पाहिजे. असं म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

माझी उजवीकडची दाढ तीन-चार वर्षांपूर्वी काढलेली. जागा तशीच रिकामी. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तेव्हापासून मागं लागली होती. नाही म्हणायला मला कधीच जमत नाही. त्यातून कमिशनचा विचार मनात येऊन गेल्यामुळं तर मुळीच जमलं नाही. शाळेला सुट्टी असली की मी आणि नाना नगरला. मी खुर्चीत आडवा, आणि नाना शेजारी उभे राहून डॉक्टरच्या हातांकडं बघतायत. माझ्या रिकाम्या जागेबद्दल वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं. एकानं शेजारचे आणखी दोन काढायला सांगितले. एक म्हणाला, तीन दिवसांत दात देतो, आज अ‍ॅडव्हान्स दिला तर उद्यापासूनच. एकानं मुलीच्या परदेशाचं ऐकल्यावर रेटच बदलला. नाना प्रत्येकाला ऐकून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर एकाच शब्दात निकाल द्यायचे. "पाचट."

"तुमचं तोंड त्यांनी भाड्यानं घेतलंय का?" सुनंदानं विचारलं.

"मनीषासाठी चाललंय," मी म्हटलं.

"मनीषाचं तोंड तिच्यापाशी आहे," ती म्हणाली, आणि तरी सुट्टीच्या दिवशी दोघांचा डबा करून द्यायची.

मग सावेडीला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं गेलो. दवाखाना छोटा, स्वच्छ. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि आधी सांगितलं की शेजारचे दात चांगले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मनीषानं मोबाईलवर पाठवलेला एक्स-रे बघितला, मोठा करून बघितला. हाड भक्कम आहे, म्हणाल्या. सगळ्यांचं होत नाही, पण यांचं एका खेपेत होईल. तीन आठवडे सुट्टी काढून येऊ द्या, मी पूर्ण करून पाठवते. पुन्हा यायला नको. खर्च सांगितला, तो सगळ्यांत कमी होता. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. नानांनी उलटसुलट प्रश्न विचारले, त्यांनी न चिडता उत्तरं दिली. बाहेर टपरीवर आम्ही दुपारपर्यंत बसलो, तर पेशंट येताना जसे हवे तसे येत होते आणि जाताना जसे हवे तसे जात होते.

मला वाटलं, झालं. नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"घड्याळ पुढं हाय तिचं," ते म्हणाले.

"काय?"

"भिंतीवरचं. दहा मिनटं पुढं हाय. घाईचं मानूस. न्हाई जमायचं."

एस.टी.त ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडं. मला पुन्हा संशय आला, पण आता दुसरा. या माणसाला मुलगी यायला हवी आहे की नको? इतका सरळ डॉक्टर मिळाला आणि घड्याळापायी सोडला. मनात असंही आलं की नाना तिच्यावर रुसलेले असतील. आईला पोचली नाहीस, आता दातासाठी येतेस. माणसं अशी मनात धरून ठेवतात. मी विचारलं मात्र नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही, हे मी वर सांगितलंच आहे. ते जितकं सभ्यपणानं सांगितलं तितकं ते सभ्य नाही.

दोन महिने संपत आले तेव्हा आम्ही नगरच्याच दिल्ली गेटच्या आत एका जुन्या डॉक्टरांकडं पोचलो. वय नानांएवढंच, कदाचित जास्त. खुर्ची जुनी, पंखा जुना, हात मात्र स्थिर. स्कूटर दाराशी. पेशंट फार नव्हते, त्यामुळं बाहेर तोलण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं, मनीषाचा एक्स-रे बघितला, चष्मा काढून पुसला.

"मी लगेच दात देत नाही," ते म्हणाले. "आधी स्क्रू बसवतो. मग हाड त्याला धरू द्यायचं. चार-सहा महिने. मग पुन्हा यायचं, तेव्हा वर दात."

नाना खुर्चीच्या मागं उभे होते ते पुढं आले. "म्हंजे दोनदा यावं लागंल?"

"हो."

"इंग्लंडवरनं?"

"कुठूनही. हाडाला पासपोर्ट कळत नाही."

"आन एका खेपंत करा म्हटलं तर?"

"दुसरे करतात. चांगले करतात. मी करत नाही."

नानांनी आणखी एकदा फिरवून तेच विचारलं, डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. मग नाना माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी काकू गेल्यापासून बघितला नव्हता.

"मानूस खरा हाय, सर," ते म्हणाले. "बसा तुमी खुर्चीत."

मी बसलो. स्क्रू माझ्या हाडात फिरत होता, तोंड बधिर होतं, आणि वर जुना पंखा फिरताना बघत असताना माझ्या लक्षात आलं, की नानांनी बाद केलेल्यांत लबाड होते तसे सरळही होते. पण एका खेपेत करत नाही म्हणणारा डॉक्टर आम्हाला आजच भेटला होता. आणि तुर्कस्तान तर पाच दिवसांत करत होतं.

मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

त्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. नानांना नाही, मला.

"सर, तुम्हाला विचारते, कारण तुम्ही सगळीकडे बरोबर होतात. नाना म्हणतात दोन खेपा लागतील. मला दोनदा सुट्टी मिळवायची म्हणजे इकडे सगळ्यांच्या हातापाया पडायला लागणार. तिकिटंही दोनदा. मुलांना ठेवायची व्यवस्था दोनदा. सावेडीच्या मॅडमबद्दल नाना म्हणतात त्यांचं घड्याळ पुढे आहे. हे काय आहे, सर? एका खेपेत होतं का नाही होत?"

भिंतीपलीकडं नाना होते. रेडिओ लावलेला नव्हता. त्या घरात तेव्हा कसलाच आवाज नव्हता.

एक होकार पुरला असता. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खर्चही कमी होता, तिची दोनदाची ओढाताण वाचली असती. तिला ते विचारायचा हक्क होता आणि मला उत्तर माहीत होतं. माझ्या वर्गात बसून ती माझं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायची, मी सांगतोय म्हणजे खरंच असणार म्हणून.

मी म्हटलं, "दोन खेपा लागतील, मनीषा. घाई केलेली बरी नाही."

ती "बरं, सर" म्हणाली.

हीच ती सांगायची गोष्ट. आजवर मी गप्प बसून बरंच काही होऊ दिलं असेल, पण बोलून फसवलं ते याच वेळी. नानांनी मला तसं सांग म्हटलं नव्हतं. त्यांना तो फोन आलेला कधी कळलाही नाही. तुर्कस्तान मात्र रद्द झालं.

मनीषा आली. नानांनी घरातलं सगळं दोनदा पुसून घेतलं होतं. पहिले तीन दिवस दोघंही एकमेकांशी फक्त जेवणाबद्दल बोलली. चौथ्या दिवशी आम्ही तिघं नगरला गेलो. नाना तिच्याबरोबर आत खुर्चीजवळ उभे राहणार होते, पण डॉक्टरांनी हातात सुई घेतली तशी नाना स्वतःच बाहेर येऊन पायरीवर बसले. घामानं सदरा भिजला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या तरी हातांवर लक्ष ठेवलं नाही.

काम झाल्यावर नाना औषधं आणायला गेले. चिठ्ठीवर लिहिलेलंच दुकानदार देतो का हे बघायचं असल्यामुळं त्यांना वेळ लागणार होता. मनीषा गालाला रुमाल लावून बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. मला राहवेना. मी तिला सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो; सावेडीला एका खेपेत झालं असतं. ती चिडेल म्हणून मी जमिनीकडं बघत होतो.

"माहीत आहे," ती बधिर तोंडानं म्हणाली. "तुमच्या आधीच मी त्या मॅडमना फोन केला होता. चांगल्या बोलल्या."

"मग मला कशाला विचारलंस?"

"कुणीतरी दोन म्हणायला हवं होतं. घरी सांगायला."

"आणि सुट्टी? तिकिटं?"

तिनं रुमालाची घडी बदलली. "तुर्कस्तानला एकदाच जावं लागलं असतं, सर," ती म्हणाली.

नाना औषधं घेऊन आले. आम्ही दोघं गप्प झालो, तसे ते आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं संशयानं बघत राहिले. पण मनीषाचं तोंड बधिर होतं आणि माझं नेहमीचंच होतं. काही हाताला लागलं नाही.

ती गेली. मला वाटलं, आता नाना खचतील. पण दुसऱ्याच सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून एस.टी. स्टँडकडं निघालेले दिसले. त्याच्या पुढच्या सोमवारीही. नगरला कशाला जाता, विचारलं तर म्हणाले, काम असतं.

काम काय असतं ते मला तिकडं गेल्यावर कळलं. माझ्या स्क्रूवर दात बसवायची वेळ झाली होती, म्हणून मी दिल्ली गेटच्या दवाखान्यात गेलो. सोमवारच होता. नाना आधीपासून तिथं होते, पेशंटच्या बाकावर नाही, आत, डॉक्टरांच्या टेबलाशी. दाराशी स्कूटर नव्हती.

"तुमच्या नानांनी माझी स्कूटर बंद केली," डॉक्टर माझ्या तोंडात आरसा घालत म्हणाले. "या वयात स्कूटर चालवायची नाही म्हणतात. जिनाही चढू देत नाहीत. गेल्या सोमवारी माझं बी.पी. जास्त आलं, तर मीठ कमी करा म्हणून माझ्या स्वयंपाकाच्या बाईला दटावून गेले. ती मला विचारते, हे कोण?"

"मंग?" नाना मागून म्हणाले. "पोरीचं अर्धं काम त्यांच्यापाशी हाय. मधीच काय झालं म्हंजे?"

दात बसला. चावून बघितला, ठीक होता. नानांनी टेबलावर एक पुडकं ठेवलं. घरच्या ज्वारीचं पीठ होतं, भाकरीनं बी.पी. ताब्यात राहतं म्हणाले. बाहेर एकही पेशंट थांबलेला नव्हता. डॉक्टरांना एकट्यालाच राहावं लागत असावं. वरच्या मजल्याच्या खिडक्या प्रत्येक खेपेला मला बंदच दिसल्या होत्या. त्यांनी नानांसाठी चहा सांगितला, बिनसाखरेचा हेही न विसरता सांगितलं. मग मनीषाचा एक्स-रे उजेडापुढं धरून उगाचच बराच वेळ बघत राहिले.

"अजून तीन महिने आहेत," ते म्हणाले. "बघू. हाडानं नीट धरलं नाही तर कदाचित तिसरी खेपही लागेल."

मी नानांकडं बघितलं. ते एक्स-रे हातात मागून घेतील, उजेडाकडं धरतील, कुठं धरलं नाही ते दाखवा म्हणतील, याची मी वाट बघत होतो.

नानांनी चहाचा कप डॉक्टरांच्या बाजूला सरकवला.

"लागंल की," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर लागंलच."